गॅस भरायचा तो तोलूनच

मार्च उजाडला की नगरलगतच्या भिंगारमधल्या एसी मेकॅनिकांचे फोन वाजू लागतात. तक्रार ठरलेली: ‘थंड करत नाही, गॅस संपला असेल, भरून द्या.’ मेकॅनिक येतो, आउटडोअरच्या जाड पाइपला निळी नळी लावतो, गेजकडे बघत ‘अजून जरा’ म्हणत गॅस सोडतो. घरात गार वारा आला की पैसे घेऊन जातो. पुढच्या मार्चला पुन्हा तोच फोन, बहुतेकदा त्याच मेकॅनिकला.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, आणि ते ‘कुठून तरी’ सापडल्याशिवाय वरून कितीही ओतला तरी तो त्याच वाटेने जाणार. गॅस भरणं हे या दुरुस्तीतलं शेवटचं काम आहे. आपल्याकडे मात्र तेच पहिलं करतात आणि पुष्कळदा एवढंच करतात. हा लेख घरमालकांसाठी आहे, तसाच नुकत्याच या धंद्यात आलेल्या मुलांसाठीही. घरमालकाने स्वतः पाना हातात घ्यावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण समोर काय चाललंय ते कळलं, तर चार प्रश्न विचारता येतात.

भिंगारचा मामला जरा निराळा आहे. छावणी इथली. आर्मर्ड कोअरचं आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्र नगरला, त्यामुळे फौजी कुटुंबं दर दोन-तीन वर्षांनी येत-जात असतात. पंजाब किंवा जम्मूकडून आलेल्या सामानात बऱ्याचदा ‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट एसी असतो. कुटुंब पुढच्या बदलीवर निघताना तो विकून टाकतं आणि तो सदर बाजारातल्या कुणाच्या तरी भिंतीवर चढतो. हा एसी म्हणजे खरं तर हीट पंप: उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा, थंडीत बाहेरची उष्णता आत आणणारा. नगरला त्याची गरम बाजू डिसेंबर-जानेवारीत थोडेच दिवस लागते, म्हणून इकडच्या कित्येक मेकॅनिकांना ती बघायचीच सवय नाही. गॅस भरताना घोटाळा होतो तो नेमका तिथे.

साध्या एसीत जाड पाइप कायम कमी दाबाचा असतो. हीट पंपाच्या आउटडोअरमध्ये रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो आणि मशीन गरम मोडवर गेलं की तो गॅसची वाटच फिरवतो. मग तोच जाड पाइप कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला, दाबाचा गॅस आत नेऊ लागतो. आर-३२ गॅसच्या यंत्रात थंड मोडवर त्या पाइपला १२५ ते १५० पीएसआय दिसेल, तर गरम मोडवर साडेतीनशे-चारशे. घरगुती स्प्लिटला सर्व्हिस पोर्ट सहसा एकच असतो आणि तो याच पाइपवर असतो. आर-२२ गॅसच्या जमान्यातलं जुनं निळं गेज लावून कुणी गरम मोड चालू केला, तर गेज कायमचं वाकडं होतं आणि नळी फुटली तर हात भाजतो. चालू मशीनवर दाब बघायचा असेल तर आधी रिमोट बघा. कूल मोड आहे याची खात्री करा. थंडीच्या दिवसांत मशीन कूलवर सुरू होत नसेल तर इनडोअरवरचं बटण दाबून धरून जबरदस्तीने कूलिंग चालवायची सोय बहुतेक कंपन्यांनी दिलेली असते. ती कशी वापरायची ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळतं.

आता गॅसला हात लावण्याआधीची तपासणी. पाथर्डी रस्त्याच्या कडेला किंवा गाळ्याच्या माथ्यावर बसवलेल्या आउटडोअरची जाळी एका हंगामात धुळीने भरते. ती धुऊन, इनडोअरचे फिल्टर झटकून, दोन्ही पंखे नीट फिरतात ना हे बघून मगच ‘गॅस कमी आहे’ हे वाक्य तोंडातून काढावं. आउटडोअरच्या पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला की पंखा रेंगाळतो, मशीन तापतं, दाब चढतो, आणि बिचाऱ्या गॅसवर आळ येतो.

बर्फ धरला असेल तर तो कुठे धरलाय त्यावरून पुष्कळ कळतं. आउटडोअरजवळच्या बारीक पाइपवर आणि इनडोअर कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट, असं असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. सगळी कॉइल एकसारखी पांढरी झालीये आणि जाड पाइपही बर्फाळलाय, तर आधी हवेचा मार्ग तपासा: फिल्टर, ब्लोअर, कॉइलवर साचलेला मळ. या दुसऱ्या प्रकारात गॅस वाढवला तर द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत जातो. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबण्यासाठी नव्हे. तो मेला की दुरुस्तीचा खर्च नव्या एसीच्या किमतीशी भांडू लागतो.

बंद मशीनला गेज लावून ‘दोनशेचाळीस आहे, गॅस भरपूर आहे’ म्हणणारेही भेटतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत बंद मशीनचा दाब फक्त तापमान सांगतो. आर-३२ असेल तर २५ अंशांना २३० पीएसआयच्या आसपास, ४० अंशांना ३४५च्या आसपास. मग आत दोनशे ग्रॅम असो की आठशे. दाब या कोष्टकापेक्षा बराच खाली असेल तर मात्र यंत्र जवळजवळ रिकामं आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

गॅस कमी आहे असं ठरलं की गळती शोधायची. इथे डोळे बरंच काम करतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. आउटडोअरच्या फ्लेअर नटाभोवती, म्हणजे पाइपचं फुलवलेलं तोंड (फ्लेअर) जिथे आवळतात तिथे, काळपट, चिकट कडं दिसलं, बोट फिरवल्यावर तेलकट लागलं, की अर्धं निदान झालं. चार फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या, कॉइलची वळणं, पाइप जिथे भिंतीच्या भोकात किंवा पत्र्याच्या कडेला घासतो ती जागा, या क्रमाने बघावं. सर्व्हिस पोर्टवरची पितळी टोपी आणि तिच्या आतलं वायसर नसेल तर ते त्याच दिवशी लावा. आतली पिन एकटी कधीच पुरेशी नसते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गळतीसाठी कोरडा नायट्रोजन. यंत्र मोकळं करून, रेग्युलेटर लावून, कंपनीने दिलेल्या मर्यादेत दाब चढवायचा. आर-३२च्या घरगुती यंत्राला साधारण साडेतीनशे ते चारशे पीएसआय देतात. मग साबणाचा फेस ब्रशने लावत जायचं. फुगे दिसले तर उत्तम. नाही दिसले तर व्हॉल्व्ह बंद करून दाब लिहून ठेवा आणि काही तास, जमल्यास रात्रभर, तसंच सोडा. सकाळी दाब थोडा उतरलेला दिसेल, पण लगेच ‘गळतंय’ म्हणू नका. संध्याकाळी ३५ अंशांना ४०० भरला असेल आणि पहाटे तापमान २५ असेल, तर गळती नसतानाही गेज ३८७च्या जवळ उतरणारच. नायट्रोजन थंड होऊन आकसतो, बाकी काही नाही. हा हिशेब न केल्यामुळे चांगले फ्लेअर पुन्हा पुन्हा कापले जातात. उलट, तापमान तेच असताना दहा-पंधरा पीएसआय उतरले तर शोध चालू ठेवायचा.

नायट्रोजनच्या जागी वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन वापरण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली, तर त्याला तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. यात कसलीही अतिशयोक्ती नाही.

गळती बहुधा फ्लेअरवरच निघते, म्हणून फ्लेअरबद्दल दोन शब्द. जुना चेपलेला फ्लेअर अजून जोरात आवळून गळती थांबत नाही. तांबं फाटतं. पाइप कटरने सरळ कापा, आतली कड रीमरने साफ करा, पाइपचं तोंड खाली धरा म्हणजे बुरादा आत पडत नाही, आणि मग नवा फ्लेअर काढा. फ्लेअरच्या पाठीला कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब लावा. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात, अर्ध्या इंचीला ५० ते ६०. टॉर्क पाना महाग वाटतो, पण एका फुकट गेलेल्या गॅस भरण्यापेक्षा तो फार महाग नाही. ब्रेझिंग करायचं असेल तर पाइपमधून हलका नायट्रोजन वाहता ठेवा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. आणि आत आर-३२ असताना ज्योत लावायची नाही. हा गॅस सहज पेटत नसला तरी पेटतो, आणि ज्योतीत सापडला की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू तयार होतो.

यानंतर व्हॅक्यूम. नगर जिल्ह्यात जेवढे एसी लवकर आजारी पडतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचं मूळ या टप्प्यावर केलेल्या चालढकलीत असावं, असं मला वाटतं. एसी नवा बसवताना किंवा बदलीनंतर पुन्हा जोडताना पंप न आणता ‘एअर काढण्याची’ पद्धत अजून सर्रास आहे: बारीक पाइपचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, जाड पाइपच्या नटातून फुस्स आवाज येऊ द्यायचा, नट आवळायचा, झालं. यात हवा बरीचशी जाते, ओल मात्र राहते, आणि यंत्रातला मोजून भरलेला गॅसही जातो. किती गेला ते कुणालाच कळत नाही. आर-२२च्या जुन्या मशीनमध्ये खनिज तेल होतं, ते ओल फारशी शोषत नसे, म्हणून असली कामं पचून जायची. आर-३२ आणि आर-४१०ए यांच्याबरोबर येणारं पीओई तेल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाण्याशी मिळून आम्ल बनवतं. ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वायंडिंगचं आवरण खातं. पावसाळ्यात जोडलेलं यंत्र दोन उन्हाळ्यांनी जळतं तेव्हा या फुस्स आवाजाची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

पंप लावला की गेजचा काटा शून्याच्या खाली उतरू लागतो. पुस्तकात ३० इंच लिहिलेलं असतं. भिंगारमध्ये काटा पावणेअठ्ठावीसच्या पुढे जात नाही आणि नवा मुलगा पंपाला शिव्या देतो. पंपाचा दोष नसतो. नगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे. इथल्या हवेचा दाबच मुंबईपेक्षा कमी, पाऱ्याच्या २७.७ इंचांच्या आसपास. जेवढी हवा डोक्यावर आहे तेवढीच काढता येणार. शून्यावर लावलेलं साधं गेज इथे पावणेअठ्ठावीस दाखवतंय म्हणजे ते त्याच्या टोकाला पोचलंय.

पण या गेजवर विसंबायचं कारण तरीही नाही. व्हॅक्यूमची खरी प्रत मायक्रॉनमध्ये मोजतात आणि लक्ष्य असतं ५००च्या खाली. पाच हजार मायक्रॉन, म्हणजे ओल शिल्लक असलेलं यंत्र, आणि पाचशे मायक्रॉन, म्हणजे कोरडं यंत्र, यांत साध्या गेजवर जेमतेम ०.१८ इंचाचा फरक पडतो. काट्याची जाडीच तेवढी असते. डोळ्याने तो फरक ओळखता येत नाही. म्हणून डिजिटल मायक्रॉन गेज घ्यावं, आणि ते पंपाजवळ न लावता यंत्राच्या बाजूला लावावं. पाचशे मायक्रॉनला पाणी शून्याच्या बरंच खालच्या तापमानालाही वाफ होऊन निघून जातं, म्हणूनच हा आकडा धरतात.

पाचशेच्या खाली आलं की पंप बंद न करता आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप, आणि दहा-पंधरा मिनिटं आकडा बघत बसा. थोडा चढून थांबला तर ठीक. हजाराच्या वर जाऊन दीड-दोन हजारांवर थबकला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालू करा. न थांबता चढतच राहिला तर गळती उरलीये, मागे फिरा. किती मिनिटं पंप चालवायचा असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला मिनिटांत उत्तर नाही. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर चार तासही कमी पडतील. ते तेल बदला, स्वस्त असतं.

आता गॅस, आणि आता वजनकाटा. आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाचा. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. दीड टनाच्या आर-३२ यंत्रात हा आकडा पाऊण किलोच्या आगेमागे असतो, पण अंदाज करू नका, वाचा. हा गॅस ठरावीक लांबीच्या पाइपपुरता भरलेला असतो, आणि पाइप त्याहून लांब असेल तर प्रत्येक जादा मीटरला किती ग्रॅम हे पुस्तिकेत दिलेलं असतं. पाव इंची द्रव पाइपला आर-३२साठी तो आकडा सहसा १५ ते २० ग्रॅमच्या दरम्यान असतो. समजा लेबलवर ७८० ग्रॅम आहेत, ५ मीटरपर्यंत जादा लागत नाही आणि पुढे मीटरला १६ ग्रॅम. आउटडोअर गच्चीवर नेल्यामुळे पाइप ९ मीटर झालाय. चार जादा मीटरांचे ६४ मिळून ८४४ ग्रॅम. सिलिंडर काट्यावर ठेवा, नळीतली हवा काढा, काटा शून्य करा, आणि बंद यंत्राच्या व्हॅक्यूममध्ये गॅस सोडा. बहुतेक सगळा गॅस असाच आत जातो. दाब सारखा झाला आणि शेवटचे थोडे ग्रॅम उरले, तर मशीन कूलवर चालवून ते हळूहळू ओढू द्या. भाजीच्या दुकानातला काटा चालणार नाही, असं नाही. पाच ग्रॅमपर्यंत अचूक असला म्हणजे झालं.

आर-४१०ए हा आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्म्या-निम्म्या वजनाचं मिश्रण आहे, म्हणून तो द्रवरूपातच काढायचा. सिलिंडरला आत नळी नसेल तर तो उलटा धरून. वरून वायू काढत राहिलं तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. आर-३२ एकच पदार्थ असल्यामुळे त्याला हे बंधन नाही. दोन्हींना एकच नियम: चालू मशीनच्या जाड पाइपातून द्रव सोडताना व्हॉल्व्ह किंचितच उघडा, थेंब थेंब जाईल इतका.

मग आहे त्यात थोडा वरून टाकायचा, म्हणजे टॉप-अप, चालतो का? आत किती उरलाय हे माहीत नसताना वरून किती टाकायचा हे कोणताही काटा सांगू शकत नाही. म्हणून उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा आणि पूर्ण भरणा नव्याने तोलायचा. आपल्याकडे तो हवेत सोडून देतात. आर-४१०एचा एक किलो हवेत गेला तर पृथ्वी तापवण्याच्या हिशेबात तो जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो. आर-३२चा पावणेसातशे किलोएवढा. खोली बंद असेल तर आणखी एक गोष्ट: हे गॅस हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साचतात. खिडक्या उघडा, गॅस शेगडी आणि देव्हाऱ्यातला दिवा विझवा.

‘पण आम्ही गेजवरच भरतो आणि गार होतं की,’ असं अनुभवी मेकॅनिक म्हणतात, आणि ते खोटं नसतं. आर-२२च्या एकाच वेगाने चालणाऱ्या मशीनमध्ये ६५-७० पीएसआय धरून भरलेला गॅस बऱ्यापैकी जमायचा. पण तोही एप्रिलच्या दुपारी. हा दाब बाहेरच्या उन्हावर, खोलीतल्या तापमानावर आणि पंख्याच्या वेगावर हलतो. जानेवारीच्या सकाळी तोच आकडा गाठायला गेलात तर गॅस जास्त होतो, मेच्या दुपारी गाठलात तर कमी. इन्व्हर्टर यंत्रात तर कॉम्प्रेसर स्वतःच वेग बदलतो आणि इलेक्ट्रॉनिक एक्सपान्शन व्हॉल्व्ह स्वतःच गॅस अडवतो-सोडतो. गॅस शंभर ग्रॅम कमी असला तरी यंत्र सांभाळून घेतं आणि गेज साळसूद आकडा दाखवतं. तिथे दाबावरून भरणं म्हणजे निव्वळ अंदाज.

हीट पंपात यापुढचा एक सापळा आहे. इनडोअरची कॉइल आउटडोअरच्या कॉइलपेक्षा लहान असते. उन्हाळ्यात जादा गॅस आउटडोअरच्या मोठ्या कॉइलमध्ये सामावून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. डिसेंबरात गरम मोड लावला की द्रव व्हायचं काम इनडोअरच्या लहान कॉइलकडे येतं. तिच्यात जादा द्रवाला जागा नसते, दाब चढतो आणि मशीन पंधरा मिनिटांत बंद पडतं. घरमालक म्हणतो, हीटर खराब आहे. मेकॅनिक म्हणतो, पीसीबी गेली. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये कुणीतरी दीडशे ग्रॅम जास्त टाकलेले असतात. तुमच्या घरी असं होत असेल, तर पीसीबीची ऑर्डर देण्याआधी उन्हाळ्यात गॅस कोणी आणि कसा भरला ते आठवा. एकच पडताळणी: थंडीत बंद पडणाऱ्या यंत्रातला गॅस काढून, लेबलप्रमाणे तोलून परत भरायचा.

भरून झाल्यावर गेजचा उपयोग आहे, पण तपासणीपुरता. टेस्ट मोडवर मशीन पंधरा मिनिटं चालू द्या. आर-३२चा दाब १३० पीएसआय असेल तर कोष्टकाप्रमाणे आतला गॅस साडेसहा अंशांना उकळतोय. जाड पाइपला क्लॅम्पचा थर्मामीटर लावल्यावर १४ अंश दिसले, तर साडेसात अंशांचा सुपरहीट झाला, ठीक आहे. तो शून्याजवळ असेल तर द्रव परत येतोय. वीसच्या पुढे असेल तर गॅस कमी आहे किंवा वाट कुठेतरी अडलीये. खोलीतून आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांच्यात दहा अंशांच्या आसपास फरक पडला की घरमालकानेही समाधान मानावं. पावसाळी दमट हवेत तो थोडा कमी असेल.

वसतिगृहं, रुग्णालयं आणि हॉटेलांच्या गच्चीवर पाणी तापवणारे हीट पंप बसतात, त्यांत सगळा गॅसमार्ग एकाच पेटीत कारखान्यातून बंद होऊन येतो. त्याला उगाच गेज लावू नये. प्रत्येक वेळी नळी जोडली-काढली की काही ग्रॅम जातात, आणि लहान यंत्रात तेवढेही भारी पडतात. पाणी कमी तापतंय म्हणून फोन केला असेल, तर आधी पाण्याच्या बाजूने साचलेला क्षार, पंपाचा प्रवाह आणि गाळणी बघायला सांगा. नगरच्या बोअरच्या पाण्यात क्षार कमी नाहीत.

गॅसच्या जाती एकमेकांत मिसळायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. २०२५पासून आर-२२वर नवी यंत्रं बनवायची नाहीत असं ठरलेलं आहे. जुन्या यंत्रांसाठी तो मिळतो, पण मिळणं अवघड होत जाणार. पण म्हणून आर-२२च्या यंत्रात आर-३२ भरून चालत नाही. दाब दीडपटीपेक्षा जास्त आहे आणि तेल वेगळं आहे. स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेनवर चालणारे स्प्लिट गोदरेजने २०१२पासून भारतात विकले आहेत. ते त्या गॅससाठीच बनवलेले असतात, त्यांत तो थोडाच असतो, आणि त्यावर काम करायला वेगळं प्रशिक्षण लागतं. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एसी टेक्निशियन ट्रेड झालेला मुलगा असेल तर आर-३२बद्दल निर्धास्त राहा. आर-२९०साठी मात्र कंपनीचाच माणूस बोलवा.

बदलीचं सामान बांधणाऱ्यांसाठी: गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन, म्हणजे पंप डाउन करून, एसी काढतात. कूल मोडवर मशीन चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करतात, गेज शून्याच्या जवळ आलं की जाड पाइपचा, आणि लगेच मशीन बंद. शून्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कॉम्प्रेसर चालू असताना नट सैल केला, किंवा गळकं मशीन असं ओढत राहिलं, तर ते हवा आत घेतं. हवा, तेल आणि दाब एकत्र आल्यावर कॉम्प्रेसर फुटल्याचे प्रकार झालेले आहेत. गळती असल्याची शंका असेल तर पंप डाउन करूच नका, गॅस रिकव्हरीने काढा. जुना पाइप बरोबर नेणार असाल तर त्याची दोन्ही तोंडं लगेच टेपने बंद करा. नव्या ठिकाणी पाइपची लांबी बदलणारच, आणि लांबी बदलली की ग्रॅमही.

पैसे देताना बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढंच लिहून घेऊ नका. गॅसचं नाव आणि ग्रॅम मागा. आणि आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने एक ओळ लिहून ठेवायला सांगा: तारीख, आर-३२, लेबलचे ७८०, पाइप ९ मीटर, जादा ६४, एकूण ८४४, व्हॅक्यूम ४२० मायक्रॉन, गळती डाव्या बाजूच्या अर्ध्या इंची नटावर, फ्लेअर नवा. पुढच्या वेळी झाकण उघडणारा मेकॅनिक वेगळा असेल, कदाचित घरही वेगळं असेल, पण त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.